कातळावरचं ऊन

मित्रांनो, मी घोटावड्याच्या डोंगरउतारावरचा एक जुना कातळ आहे. काळा, बोजड आणि खरं सांगायचं तर जरा गर्विष्ठ. अहो, गर्व का नसावा? लाव्हारस थंड होऊन मी घडलो, तेव्हा अंगावर गवताची काडीही नव्हती. पुढे शेजारी जांभळीचं झाड वाढलं, त्याची सावली पडली आणि माझ्या फटींतल्या पाझरावर शेवाळ धरलं. त्या ओलीवर नेचे आले, काळ्या दोऱ्यासारख्या देठांचा नाजूक हंसराज आला. भर चैत्रातही मी गार असायचो. गुरांमागच्या बायका पाठ टेकायला माझ्याकडेच यायच्या.

ही जमीन भैरूची. त्याची नात गौतमी पुण्याच्या कॉलेजात वनस्पतींचा अभ्यास करते. दोन वर्षं ती दर महिन्याला यायची, माझ्यासमोर उकिडवी बसून वहीत एकेक रोप टिपायची. एकवीस जाती भरल्या, तेव्हा मी फुगलोच! आजूबाजूचे लोक जमिनी विकत सुटले होते, पण नातीचा अभ्यास पुरा व्हायचाय म्हणून भैरूने हा तुकडा हट्टाने राखला.

यंदा माघात तो राबासाठी फांद्या तोडायला आला. भाताचं बी पेरण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा जाळतात, तो राब. एरवी तो ऐनाच्या फांद्या न्यायचा. यंदा त्याची नजर जांभळीवर गेली. सावलीत भात खुरटतो, तशीच नातीची रोपं खुरटली असणार, म्हणून तर बोटभरच आहेत, असं त्याला वाटलं. त्याने अख्खी जांभळ बोडकी केली. वर मला थोपटून म्हणाला, "खा आता ऊन पोटभर."

महिन्याभराने गौतमी आली. हंसराज तिच्या बोटांत चुरला, शेवाळाचे पोपडे गळून पडले. भैरू मात्र खुशीत होता.

"बग पोरी, तुज्या झाडांना ऊन मोकळं केलं."

तिने वही मिटली. मग म्हणाली, "आबा, ही सावलीतच जगतात. मी तुला हे कधी सांगितलंच नाही."

म्हाताऱ्याने गळालेला एक पोपडा उचलून परत माझ्या फटीत दाबला.

आता तो रोज संध्याकाळी हंडा घेऊन चढतो आणि माझ्यावर पाणी ओततो. मी इतका तापलेला असतो की ते लगेच वाळतं. जांभळीला पालवी फुटेल हो, पण ते शेवाळ साठायला किती वर्षं लागली, ते मलाच ठाऊक. मित्रांनो, कुणावर माया कराल, तर त्याला काय लागतं ते आधी विचारा. भैरूने विचारलं नाही, पोरीने सांगितलं नाही, आणि माझी एकवीस लेकरं गेली.

काल हंडा रिकामा करून तो माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "मी हाय तवर शेवाळ येईल का रं परत?"

नाही येणार. पण उद्याही तो हंडा भरून आणेल.