नऊ दिवसांचं पाणी

आमच्या अकरा मजली इमारतीच्या पाण्यावर लक्ष ठेवायचं काम सोसायटीनं माझ्यावर सोपवलं, कारण मी धारच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. गच्चीवरच्या टाकीत सेंसर होता. पाण्यात क्लोरीन किती, गढूळपणा किती, हे तो माझ्या मोबाइलवर कळवायचा आणि काही बिघडलं की कर्कश वाजायचा. देवासला आल्यावर सगळे मला 'पानीवाली आंटी' म्हणू लागले. खरं सांगते, मला ते आवडायचं.

नवरात्राच्या आदल्या दिवशी भैयासाहेबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, देवघरातून हाक मारली. वय चौऱ्याऐंशी, पण आवाज अजून दरबारी.

"विनोदिनी, नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. उद्या घट बसायचे. ह्या पाण्यानं देवीला स्नान घालू?"

"पातेल्यात उघडं ठेवते. सकाळपर्यंत वास उडून जाईल."

"म्हणजे शिळं पाणी? देवीला?"

यावर काय बोलायचं ते माझ्या आठवीच्या मुलींनाही आलं असतं. मी मात्र तीस वर्षं भैयासाहेबांपुढे मान डोलावत आले, तशीच डोलावली. खाली पंपाच्या खोलीत गेले आणि क्लोरीन सोडणारं मशीन बंद केलं. एका घराच्या सोवळ्यासाठी चव्वेचाळीस घरांचं पाणी बदललं. नऊच दिवसांचा तर प्रश्न, असं स्वतःलाच सांगितलं.

तासाभरात मोबाइल ओरडू लागला. मी आवाज बंद केला. गढूळपणाची सूचनाही त्याच घंटेवर येते, हे मला ठाऊक होतं. तरी केला.

सहाव्या दिवशी पाचव्या मजल्यावरच्या अंकिताचा, आरोहीच्या आईचा, फोन आला. "आंटीजी, पानी थोडा मटमैला लग रहा है, गढूळसर. आरोहीला देऊ ना?"

नैवेद्याची घाई होती. एका हातात झारा, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइल गप्प होता आणि मी त्यावर साधं बोटही फिरवलं नाही.

"काही वाजलं नाही. दे खुशाल."

दुसऱ्या दिवशी घरोघरी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. मी धावत जाऊन मशीन चालू केलं. मग कळलं, गटाराची नळी फुटून, जिथून पाणी वर चढतं त्या खालच्या टाकीत घाण झिरपत होती. तोवर आरोहीला इंदूरला नेलं होतं. सहा वर्षांची पोर. तिसऱ्या दिवशी गेली.

पंधरवड्यानं सोसायटीची बैठक ठरली. निघताना भैयासाहेब काठी टेकत दारापर्यंत आले. घटांनंतर त्यांनी माझ्याशी नजर मिळवली नव्हती.

"हट्ट माझा होता. मी येतो, मी सांगतो."

"हट्ट तुमचा, हात माझा होता," मी म्हणाले. त्यांना एवढं तोडून मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. ते खुर्चीत बसून राहिले.

बैठकीत अध्यक्ष अंशुल तावातावानं म्हणाला, "अरे भिया, सेंसरच बेकार निकला. इतकं गंदं पाणी आणि एकदा पण नाही वाजला. काढून फेकू." हात वर होऊ लागले. मागून कोणीतरी पुटपुटलं, "और पानीवाली आंटी क्या कर रही थी?"

अंकिता उठली. तिचा चेहरा पार सुकला होता.

"आंटीजींना कोणी काही बोलू नका. मैंने पूछा, तो उन्होंने उसी वक्त देखकर बताया. धोका सेंसरनं दिला."

मला स्वतःची किळस आली. गप्प बसले असते तर सुटले असते, आणि टाकीवरचा पहाराही कायमचा उठला असता.

"सेंसर चांगला आहे," मी उभी राहून म्हणाले. "सातही दिवस तो सांगत होता. आवाज मी बंद केला होता. आमच्या देवीच्या स्नानाला वास नको, म्हणून क्लोरीनही मीच बंद केलं होतं. अंकिता, तू विचारलंस तेव्हा मी बघितलंच नाही."

अंशुलनं वर केलेला हात खाली घेतला. अंकिता माझ्याकडे बघत राहिली. तिला ओरडायचं नव्हतं. तिला काहीतरी हवं होतं, ज्यानं मला माफ करता येईल.

"पर आंटीजी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही पण तेच पाणी पीत होता ना? तुम्हाला पण माहीत नव्हतं ना?"

"नाही गं," मी म्हणाले. "भैयासाहेबांचं पोट नाजूक. आमच्याकडे उकळून पितात."