ढोलीतला डबा

स्टीलच्या ताटात मांडलेले ते काळे गोळे पाहिले आणि वच्छलाबाईचं तोंड आपसूक वाकडं झालं. शेळ्यांच्या गोठ्यात सकाळी झाडू मारताना जे निघतं, तेच कुणीतरी निवडून, एकसारखं करून ताटात ठेवावं, तसे ते दिसत होते. वरून खोबऱ्याचा पांढरा कीस लावला होता. त्यानं तर अधिकच शिसारी आली. जुन्या लेंडीवर पावसाळ्यात अशीच पांढरी बुरशी धरते.

"हे काय करून ठेवलं माय?"

"चॉकलेटचे लाडू हायेत आई, खोबऱ्याचे," तिची सून हर्षा म्हणाली. "चुलीवर ठेवा लागत नाई, भाजा लागत नाई. साखर नाई, तूप नाई. फ्रीजमंदी ठेवले का झाले."

"शिजलं नाई, भाजलं नाई. मंग खाचं काहून?"

हर्षा नुसती हसली. तिचा मोबाइल पिठाच्या डब्याला टेकून उभा होता, आणि त्यात एक नखं रंगवलेली बाई असेच गोळे वळून दाखवत होती. पौषाची थंडी होती. ओट्यावर खोबरेल तेलाची बाटली थिजून पांढरी पडली होती आणि हर्षा चमच्यानं ते तेल खरवडून परातीत टाकत होती.

"डोक्याचं तेल टाकून राहिली तू त्याच्यात?"

"खाचं हाये ते आई. येगळं येते."

"खोबऱ्याचंच ना?"

"हाव."

"मंग डोक्याचंच."

वच्छलाबाईनं पदर नाकाला लावला. परातीतला तो चिकट, काळपट गोळा हर्षा दोन्ही हातांनी मळत होती, बोटांच्या बेचक्यांतून तो वर येत होता. पण म्हातारी तिथून हलली नाही. सुनेला असं काही जीव ओतून करताना तिनं बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. गावातल्या बचत गटाच्या बैठकीत हर्षा नेहमी मागच्या ओळीत बसायची आणि सही करून घरी यायची. या खेपेला मात्र मोहाडीच्या तालुका प्रदर्शनासाठी तिनं आपणहून हात वर केला होता. लेकराबाळांना चालेल असा घरी केलेला पौष्टिक पदार्थ आणायचा होता, आणि त्यात आपल्या गावचं काहीतरी असलंच पाहिजे, अशी अट होती. निवड झाली तर पुढं भंडाऱ्याला जायचं. चार दिवस उरले होते.

"एक खाऊन तं पाहा," हर्षा म्हणाली.

"मले नोको ते लेंड्याचे लाडू."

"अर्धा खा."

वच्छलाबाईनं डोळे मिटून, औषध घ्यावं तसा अर्धा गोळा जिभेवर ठेवला. आधी खोबरं लागलं, मग ते कडसर चॉकलेट. त्यानंतर मागून एक गोडवा आला. तो साखरेसारखा धावत आला नाही, जरा खालून, मातीतून यावा तसा हळू आला. तिनं उरलेला अर्धा उचलला. मग दुसरा घेतला. तिसरा तिनं कनवटीला लावला, तेव्हा हर्षानं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"गोड कायनं झालं? साखर नाई म्हनते तू."

हर्षानं परात सरकवली. "खजूर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हर्षा गटाच्या बैठकीला गेली होती. गिरणीवर पाठवायला धान काढावं म्हणून वच्छलाबाईनं मागच्या खोलीतल्या ढोलीचं झाकण उचललं. बांबूची ती उंच ढोली शेणानं सारवलेली होती, वर्षाचं धान त्यात भरलेलं असायचं. टोपल्यानं धान ओढता ओढता तिच्या हाताला काहीतरी गार आणि गुळगुळीत लागलं. तिनं ते वर काढलं. प्लास्टिकचा डबा होता, घट्ट झाकणाचा. तिनं झाकण उघडलं.

वास आधी नाकात गेला, मग डोळ्यांना दिसलं. सुकलेली मोहफुलं होती. तपकिरी, सुरकुतलेली, मनुक्यासारखी.

डबा तिथंच टाकून वच्छलाबाई परसात धावली आणि कडुलिंबाच्या बुडाशी तिला भडभडून ओकारी आली. कालच्या गोळ्यांचं पोटात काही उरलं नसणार, तरी ती ओकत राहिली. मग लिंबाची काडी मोडून तिनं दात घासले, जीभ घासली, रक्त येईस्तोवर. राखेनं हात धुतले. कनवटीचा तिसरा गोळा तिनं सकाळीच खाल्ला होता, ते आठवून तिला पुन्हा उमळ आली.

तो वास या घरात अठरा वर्षांनी आला होता. तिचा नवरा बाबुलाल जिवंत होता तेव्हा तो वास गोधडीला होता, उशीला होता, पोराच्या वह्यांना होता. बाबुलाल बिनदारूचा असला की भला माणूस होता, आणि तो तसा आठवड्यातून एखादा दिवस असायचा. बाटली तो धानाच्या ढोलीत खुपसून ठेवी. तिनं विचारलं की म्हणे, "माह्या तोंडाले वास येते? गोठ्यातला असन." शेवटी पोट फुगून, डोळे हळदीसारखे पिवळे होऊन तो गेला. त्याच्या तेराव्या दिवशी वच्छलाबाईनं गावातल्या अकरा बायका घेतल्या, नाल्याकाठच्या भट्ट्यांवर गेली आणि सडलेल्या मोहाची मडकी एकेक करून फोडली. ते आंबलेलं, फेसाळलेलं पाणी पायांवर उडालं होतं. त्यात माशा आणि अळ्या होत्या. त्या संध्याकाळी विहारात पंचशील म्हणताना, नशेपासून दूर राहण्याच्या पाचव्या शीलापाशी तिचा आवाज इतका चढला की भन्तेजी थांबून पाहू लागले. तेव्हापासून मोहाचं फूल तिच्या उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. बांधावरच्या मोहाखाली चैत्रात सडा पडायचा, तो ती जनावरांना खाऊ घालायची, पण वेचू कुणालाच देत नसे. गावाला हे माहीत होतं. गावानं तिला त्यावरूनच मान दिला होता.

सगळ्यांत वाईट गोष्ट तिला लिंबाखाली बसल्यावर कळली. जिभेला तो गोडवा ओळखीचा वाटला होता. ती सात-आठ वर्षांची असताना, धान पिकलं नाही त्या साली, तिची माय मोहफुलं उकडून तिळासोबत कुटायची, आणि भावंडं भांडून खायची. भट्टी, बाटली, बाबुलाल, हे सगळं नंतरचं. जिभेनं नंतरचं काहीच लक्षात ठेवलं नव्हतं. वच्छलाबाईला स्वतःच्याच जिभेची किळस आली.

हर्षा आली तेव्हा डबा ओसरीच्या मधोमध होता.

"हे खजूर होय का?" वच्छलाबाईनं विचारलं.

हर्षानं चपला काढल्या नाहीत. तशीच उभी राहिली. "नाई."

"कवा आनलं?"

"चैतात. तुमी आठ दिस अड्याळले गेल्या होत्या तवा. आपल्याच बांधावरचे हायेत. मी निवडले, आतले केसर काढले, धाब्यावर वाळवले. गटाच्या ट्रेनिंगमंदी मॅडमनं सांगतलं होतं, ह्याच्यात ताकद असते म्हनून."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी करू देल्लं असतं का?"

"नाई."

"मंग?"

"मंग नोको कराचं होतं."

हर्षानं डब्याकडं बोट केलं. "आई, फूल कोनाचा जीव घेत नाई. सडवनारा घेते."

"ते मले नोको शिकवू. मोवा काय करते ते मी पाह्यलं. अन् तू हे ढोलीत लपवलं." वच्छलाबाईनं डब्याला पायानं ढकललं. "तुह्या सासऱ्यानं बी तिथंच लपवलं होतं. त्याच कोपऱ्यात. मी हात घातला तवा मले वाटलं, बुढा परत आला."

हर्षाला हे माहीत नव्हतं. तिनं खाली बसून डबा जवळ ओढला.

"नाव देल्लं हाये गटाचं," ती म्हणाली. "चिठ्ठीवर मी खजूरच लिवलं. तुमचं नाव खराब नाई होनार."

वच्छलाबाई उठून आत गेली. तीन दिवस ती सुनेशी बोलली नाही. मिक्सरचं भांडं तिनं राखेनं तीनदा घासलं आणि तरी त्यातलं वाटण खाल्लं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी गटाची अध्यक्ष शकुनबाई ऑटो घेऊन दारात आली. ती गावातल्याच श्यामराव पाटलाची बायको. मडकी फोडायला गेलेल्या अकरा जणींत तीही होती. "वच्छलाबाई, तुमी याच लागते," ती म्हणाली. "तुमी दिसल्या का मान्सं थांबतात." वच्छलाबाईनं चपला घातल्या. ती ऑटोच्या एका टोकाला बसली. दुसऱ्या टोकाला हर्षा, मांडीवर गोळ्यांचा डबा. मोहाडी येईपर्यंत वच्छलाबाईनं तोंड रस्त्याकडेच ठेवलं.

तहसीलमागच्या मैदानात मंडप होता. पापड, जवसाची चटणी, तांदळाच्या कुरडया, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर हर्षाचे काळे गोळे. समोर पुठ्ठ्याची चिठ्ठी उभी केलेली. वच्छलाबाईनं ती एकेक अक्षर लावत वाचली. चाळिशीत साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरं तिला अजून सावकाशच यायची. खोबरं. कोको. खजूर. खोबरेल.

शकुनबाईनं पहिला गोळा स्वतः तोंडात टाकला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना हाका मारू लागली. "या या. वच्छलाबाईच्या घरचं हाये. डोळे झाकून खा. ह्या बाईच्या घरात वाईट-साईट काही येत नाई."

बायका खात होत्या. वच्छलाबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांची चाललेली तोंडं पाहत होती. "माह्या तोंडाले वास येते?" असं निर्मळ चेहऱ्यानं विचारणारा बाबुलाल तिला आठवत होता, आणि त्याच्या जागी आता ती स्वतः बसली होती.

तपासायला भंडाऱ्याहून आलेली बाई टेबलापाशी थांबली. केस पिकलेले, गळ्यात चष्मा. तिनं गोळा खाल्ला, चिठ्ठी वाचली, पुन्हा एक खाल्ला.

"चव चांगली आहे," ती म्हणाली. "पण खोबरं बाहेरचं, कोको बाहेरचा, खजूरही बाहेरचाच. तुमच्या गावचं यात काय आहे?"

हर्षानं सासूकडं पाहिलं नाही, टेबलाच्या कापडाकडं पाहिलं. बाईनं कागदावर काहीतरी खूण करायला पेन टेकवलं.

"थांबा," वच्छलाबाई म्हणाली.

ती उठली. बाईच्या हातातलं पेन तिनं मागून घेतलं, चिठ्ठी आडवी धरली आणि खजूर या शब्दावर रेघ मारली. मग त्याच्या खाली, दात आवळून, लिहिलं: मोवा. हा शब्द तिनं जन्मात कधी लिहिला नव्हता. लिहिताना नाकपुड्या आपोआप मिटल्या, जणू शाईलाच तो वास होता.

शकुनबाईचं तोंड चालायचं थांबलं. तिनं रुमाल काढला आणि तोंडातलं त्यात थुंकलं. "वच्छलाबाई, तुमच्या घरी मोवा?"

"हाव. माह्या घरी."

"आन् आमाले खाऊ घातला?"

"घातला. म्या बी खाल्ला. माहीत नोतं तवा गोड लागला."

"आपुन मडके फोडले होते बाई."

"मडके फोडले, झाड नाई," वच्छलाबाई म्हणाली आणि आपणच हे कसं बोललो म्हणून दचकली. मग तिनं भंडाऱ्याच्या बाईकडं पाहिलं. "मले काही माहीत नाई. मले त्याची किळस येते, अजून येते. हिले इचारा. हिनं केलं."

हर्षा बोलायला लागली. आधी अडखळत, मग नीट. फूल पहाटे पडतं तेव्हाच कसं उचलायचं, आतले केसर कसे काढायचे, चार दिवस उन्हात कसं वाळवायचं, कोमट पाण्यात किती वेळ ठेवायचं आणि आंबण्याआधी का वाटायचं. बाई लिहून घेत होती. आजूबाजूला गर्दी जमली होती. काहींनी हातातले गोळे हळूच परत ठेवले, काहींनी तेच उचलले. शकुनबाई निघून दुसऱ्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

दुपारी नावं वाचली गेली. भंडाऱ्याला पाठवायच्या तीन पदार्थांत हर्षाचे गोळे होते. दोनशे नग, होळीच्या आधी.

परतीच्या ऑटोत शकुनबाई नव्हती. ती पुढं महिनाभर वच्छलाबाईकडं चहालाही आली नाही. वच्छलाबाईनं तिला बोल लावला नाही. तिच्या जागी आपण असतो तर आपणही थुंकलो असतो, हे तिला ठाऊक होतं.

"दोनशे," ती सुनेला म्हणाली. तीन दिवसांतला तो पहिला शब्द. "म्हंजे किती फुलं लागतीन?"

"दोन-अडीच किलो, आई. वाळवलेले हायेत तेवढे."

वच्छलाबाईनं पदर नाकाशी नेला. दोन-अडीच किलो. घरभर वास सुटेल. भांड्यांना, हातांना, गोधड्यांना.

"मी गोठ्याच्या पल्याड करीन," हर्षा घाईनं म्हणाली. "डबा बी बाहेरच ठेवीन. तुमाले दिसनार नाई."

"नाई," वच्छलाबाई म्हणाली. "ओसरीत ठेवाचा. माह्या समोर. झाकनावर नाव लिऊन. ढोलीत धानाबिगर काही दिसलं तर मी तो डबा विहिरीत टाकीन, ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी डबा ओसरीतल्या फळीवर आला. झाकणावर कागद चिकटवून हर्षानं ठळक अक्षरात मोहफूल लिहिलं होतं. वच्छलाबाई दिवसातून वीस वेळा तिथून जा-ये करते आणि वीसही वेळा नाक दाबून धरते. रुचिता, तिची नात, त्यावरून हसते. गोळा त्यानंतर तिनं एकही खाल्ला नाही. हर्षानं दोनदा बशीत आणून ठेवला, दोन्हीदा बशी तशीच परत गेली.

तोंडाला मात्र पाणी सुटतं. त्याची तिला फार किळस येते.