अठाईचं पारणं

काल संवत्सरी झाली, आम्हा जैनांचा क्षमा मागायचा दिवस. आमच्या अख्ख्या पालडी भागाने एकमेकांची क्षमा मागितली. रसीलाफोईने माझीही मागितली, एकाच घरात राहून, मोबाइलवर, सत्तर जणांना एकदम धाडलेल्या मेसेजात. मी केली नाही.

फोई म्हणजे पप्पांची मोठी बहीण. सासरी पटलं नाही म्हणून बारा वर्षं आमच्याकडे आहे आणि स्वयंपाकघर तिच्या ताब्यात आहे. सूर्य मावळला की खाणं बंद, ओटा पुसायचा, दाराला कुलूप. बाकी सगळ्यांना हे जमतं. मी मात्र फोनमध्ये, पुस्तकात, खिडकीतल्या खारीत हरवते. जेवायच्या हाका ऐकूच येत नाहीत. अंधार पडला की भूक खवळते. मग लपवलेले खाखऱ्यांचे डबे, एकामागून एक, थांबताच येत नाही. आणि शेवटी बाथरूमची कडी लावून सगळं ओकून टाकायचं.

दोन वर्षांपूर्वी मम्मीने मला डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, विरतीला, म्हणजे मला, एडीएचडी आहे, लक्ष एका जागी टिकत नाही, अशा मुलांना खाण्याचे आजार जास्त जडतात, दोन्हींवर एकत्र उपचार करू. फोईने तो कागद फाडून टाकला.

"जिभेवर ताबा नाही, त्याला आजार म्हणे. आमच्या वेळी दोन धपाट्यांत बरं व्हायचं."

पप्पा पेपर वाचत राहिले. मम्मीने तुकडे गोळा करून केरात टाकले. पाहुण्यांसमोर फोई मला 'आमची घरघंटी' म्हणू लागली. चोवीस तास दळण चालू, म्हणे.

यंदा पर्युषणात, संवत्सरीला संपणाऱ्या व्रताच्या दिवसांत, मी म्हटलं, अठाई करते. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही उजेड असेपर्यंत. फोईने जन्मात पहिल्यांदा मला मिठी मारली. दारावर माझ्या फोटोचा बॅनर लागला, बायका येऊन गाणी म्हणून गेल्या. घरघंटीची तपस्वी झाली. साधू-साध्वी मुक्कामाला असतात त्या उपाश्रयातल्या साध्वीजींनी तेवढं विचारलं, "मनात राग ठेवून करत नाहीस ना, बेटा?" मी खोटं बोलले. मला तप नको होतं. मला माझ्याकडे बघणारी दीडशे माणसं एका ठिकाणी हवी होती.

आज सकाळी ती सगळी माझा उपास सुटताना बघायला जमली. फोई बांधणी नेसून, चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी घेऊन आली. पहिला चमचा आपला, हे तिनेच ठरवलेलं.

"आ कर, माझी तपस्वी."

"आधी डॉक्टरांच्या कागदाचं काय केलंस ते सांग."

फोई लोकांकडे बघून हसली. "अशक्तपणा आलाय. बरळतेय."

मग मी सांगितलं. कुलूप, डबे, ओकाऱ्या, फाडलेला कागद, सगळं ओळीने. आयुष्यात पहिल्यांदा माझं लक्ष एका जागी टिकलं.

"दीकरी, तुझ्या भल्यासाठीच केलं गं," फोई म्हणाली. वाटीतलं पाणी तिच्या साडीवर सांडत होतं.

"मग कुलूप तुझ्या तोंडाला लावायचंस. तुझ्या हातचा थेंबही मी घेणार नाही."

तपस्वीने नाकारलेला हात आमच्यात कुणी विसरत नाही. यापुढे ती ज्या उपाश्रयात जाईल तिथे बायका कुजबुजतील. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

मम्मी उठली. बारा वर्षांत ती फोईसमोर अशी उभी राहिली नव्हती.

"सरका, मोटाबेन," म्हणाली आणि वाटी काढून घेतली.

तिच्या हातचे चार चमचे मी प्याले. आणि पाणी पोटात उतरताच घसा म्हणाला, बाथरूम कुठे आहे? सूड पुरा झाला होता, फोई कोपऱ्यात रडत होती, आणि माझ्या पोटाला त्याचा पत्ताच नव्हता. मी घाबरले. मी मम्मीचं मनगट घट्ट पकडलं.

"मला एकटीला सोडू नकोस. बाथरूममध्येसुद्धा. आणि डॉक्टरांना फोन कर."

"आत्ता करते."

मी मनगट सोडेना, म्हणून तिने डाव्या हाताने नंबर लावला.