स्वयंपाकघराचा फोटो

करावे गावात माझी सासू वीस वर्षं घरातूनच तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण विकत होती. कोणी हटकलं नव्हतं. पण मी शहाणी! "आई, रीतसर लायसन काढू," म्हटलं आणि अर्जाला स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या आईंचा फोटो जोडला.

लायसन आलंच नाही. महापालिकेची नोटीस आली: मागे वाढवलेलं स्वयंपाकघर बेकायदा आहे, पंधरा दिवसांत पाडा. पुरावा म्हणून तोच फोटो छापलेला.

आईंना वाचता येत नाही. स्वतःचा फोटो बघून त्यांनी त्या कागदाला हळदकुंकू लावलं.

"आलं गो बाय लायसन! फ्रेम करून इथंच भिंतीवर लाव, गिऱ्हाईकाला दिसू दे."

आणि मी मेली, खिळा शोधायला उठले.