तीन नंबरचा प्लग

"परत तेच," बाई म्हणाल्या. "सपाट रस्त्यावर बरी चालते. हॉस्पिटलचा चढ लागला की धक्के खाते. काल तर चढाच्या मधोमध बंदच पडली. मागे बसवाला हॉर्न वाजवतोय, आणि शेजारी हे डोळे मिटून बसलेले."

'हे' म्हणजे त्यांचे यजमान. आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागतं. आजही अडीचला पोहोचायचं होतं आणि आता अकरा वाजले होते. बाई सत्तरीच्या आसपास, गाडी बारा वर्षांची. दोघींचीही दमछाक झालेली दिसत होती.

"बघतो," मी म्हणालो. "बसा तुम्ही."

गेल्या मंगळवारी याच गाडीचे चारही प्लग मी माझ्या हाताने बदलले होते. त्यामुळे ते 'बघतो' जरा कोरडंच निघालं. गॅरेजमध्ये मला सगळे मामा म्हणतात. अडतीस वर्षं इंजिनाचंच काम केलं. इंजिन मिसिंग करतंय म्हटलं की गाडी मामाकडे, हे इथं ठरूनच गेलेलं आहे. मिसिंग म्हणजे चार सिलिंडरांपैकी एकजण कामाला दांडी मारतो आणि बाकीचे तिघे त्याचा भार ओढतात. चार भावांच्या घरात एक आयतोबा निघावा, तसं. दांडी कोण मारतोय हे आता यंत्र सांगतं. का मारतोय, ते मात्र माणसालाच शोधावं लागतं.

यंत्र माझ्या लेकीने लावलं. ती याच गॅरेजमध्ये आहे, डिप्लोमा करून आलेली, म्हणून बाकीचे तिला डिप्लोमावाली म्हणून चिडवतात. चिडवतात आणि अडलं की तिलाच विचारतात.

"तीन नंबर," ती म्हणाली.

"यंत्राला रोग कळतो, कारण कळत नाही."

"हो बाबा. रोज ऐकते."

मी तीन नंबरची कॉइल काढून दोनवर लावली आणि दोनची तीनवर. कॉइल प्लगला वीज देते. ती बिघडली असती, तर रोग तिच्याबरोबर दोनवर गेला असता. लेक गाडी घेऊन मागच्या रस्त्याचा चढ चढून आली आणि खिडकीतूनच म्हणाली, "तीनच. अजून तिथंच आहे." म्हणजे कॉइल बिचारी निर्दोष होती. राहिला प्लग, आणि प्लग नाही तर मग इंजिनाच्या आतलं काहीतरी. आतलं निघालं तर बाईंची गाडी पंधरा दिवस उभी राहणार. लेक दुसऱ्या गाडीकडे गेली आणि मी पान्हा घेऊन वाकलो.

माझ्या हाताचं इथंच सांगून टाकतो. वर्षभर झालं, उजवा हात थरथरतो. जड वस्तू धरली तर कमी, नाजूक काम आलं की जास्त. चहा मी अर्धा कपच घेतो. शर्टाची बटणं लावलेलीच ठेवतो आणि तो डोक्यातून घालतो. हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही, अशी माझी समजूत होती. वय झालं की माणसाचं सगळं सैल पडतं, गाडीचे बोल्ट तेवढे घट्ट होत जातात.

प्लग बाहेर आला. उजेडात फिरवून पाहिला. पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत केसाएवढी काळी रेघ होती. नखाने खरवडून पाहिली. मळ नव्हता, चीर होती. चढावर इंजिनाला जोर लागला की ठिणगी खाली पडायच्या ऐवजी त्या चिरेतून पळून जात होती.

नवा प्लग असा आपोआप तडकत नाही. बसवताना पान्हा तिरका गेला की तडकतो. ही नवशिक्यांची चूक आहे. कोणी ती करून वर प्लगच्या नावाने बोटं मोडली, की 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणून मी त्याला दिवसभर पिडत असे.

मी प्लग मुठीत झाकला आणि तसाच उभा राहिलो. खरं सांगायचं तर पहिला विचार बाईंचा आला नाही, माझाच आला. पेट्रोलमध्ये पाणी होतं म्हणावं, मालच खराब निघाला म्हणावं. मामा म्हणतोय म्हटल्यावर कोण तपासणार होतं? आणि खरं बाहेर आलं तर इंजिन माझ्या हातून जाणार होतं. इंजिन गेल्यावर मी इथं करणार काय, टायरमध्ये हवा भरणार?

लेक शेजारी येऊन उभी राहिली. तिने माझ्या मुठीकडे पाहिलं. मग खिशातून नवा प्लग काढला.

"द्या तो इकडे," ती हळूच म्हणाली. "हा टाकते. बाईंना सांगू, प्लग खराब निघाला."

"तुझ्या खिशात प्लग कसा?"

तिने नवा प्लग उगाच फडक्याने पुसला.

"असे किती बदललेस?"

"कशाला विचारता, बाबा?"

"किती?"

"मोजले नाहीत. तुम्ही जेवायला बसता ना, तेव्हा तुमचं काम एकदा बघून घेते. मंगळवारी मला ताप होता. आले नव्हते."

"कधीपासून?"

"झाले सात-आठ महिने."

"आणि मालकांना माहीत आहे?"

"त्यांनीच सांगितलं, बघत जा म्हणून."

मला राग आला. कोणावर, ते नीट कळेना. गेले सात-आठ महिने रात्री जेवताना मी तिला ऐकवत होतो, 'अजून माझ्या हातची एक गाडी परत आलेली नाही,' आणि ती ताटात बघत 'हो बाबा' म्हणत होती. ते आठवलं आणि रागाच्या जागी नुसती लाज उरली.

मी बाईंच्या बाकाकडे निघालो. "बाबा, नको," लेक मागून म्हणाली. पण त्या चढावर बस वेळेवर थांबली नसती तर काय झालं असतं, हे आता माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मालक दारात फोनवर बोलत होते. त्यांच्यादेखत मी मूठ उघडली.

"बाई, ही चीर दिसते? ही मी पाडली. मंगळवारी बसवताना. माझी चूक आहे."

मालकांनी फोन खाली घेतला. बाईंनी चष्मा वर करून प्लग बराच वेळ पाहिला.

"म्हणजे गाडीत दुसरं काही नाही?"

"नाही."

"हा बदलला की चढ चढेल?"

"चढेल."

बाईंनी डोळ्यांवरून हात फिरवला. "मग झालं तर. मला वाटलं इंजिनच गेलं. काल रात्रभर विचार करत होते, यांना न्यायचं कसं?"

मालकांनी मला बाजूला घेतलं. "मामा, कशाला बोललात? झाकली मूठ सव्वा लाखाची. आम्ही निभावून नेत होतो ना?"

"ते आजच कळलं," मी म्हणालो. "उद्यापासून इंजिनं हिच्याकडे द्या."

त्यांनी एकदा तरी 'नको' म्हणावं, असं मला फार वाटत होतं. "बरं," ते म्हणाले, आणि त्या 'बरं'मध्ये सुटल्यासारखा आवाज होता. गेले काही महिने तेही हेच कसं बोलावं या विचारात असणार. त्यांना तरी काय दोष द्यायचा?

बाई उठून गाडीपर्यंत आल्या. "तुम्हीच बसवा आता," त्या मला म्हणाल्या. "घरात आजारी माणूस असलं की जो तो गोडच बोलतो हो. डॉक्टरसुद्धा. खरं सांगणारे तुम्ही पहिले भेटलात. मला तुमचाच भरवसा."

अडतीस वर्षांत असं मला कोणी म्हटलं नव्हतं. म्हणायला आजचाच दिवस सापडला. मी हात त्यांच्यासमोर धरला. नेहमीपेक्षा जास्तच थरथरत होता.

"मी नाही, बाई. माझी लेक बसवेल. ती माझ्यापेक्षा चांगली बसवते."

बाईंनी माझा हात पाहिला आणि बाजूला सरून लेकीला जागा दिली.

लेक वाकली. तिने प्लग सरळ आत सोडला, आधी बोटांनीच फिरवत आटे धरवले, तो टेकल्यावर पान्हा लावला आणि थोडंच आवळलं. काम चोख झालं होतं. असे शेकडो प्लग तिने बसवलेत, तिला कोणाला काही विचारायची गरज नव्हती. तरी तिचा हात थांबला.

"बाबा, बस?" मान वर न करता तिने विचारलं.

मी वाकून पाहिलं. प्लग खोल आत होता, मला काहीच दिसत नव्हतं.

"अजून किंचित," मी म्हणालो.

तिचं कोपर हललं. पान्हा जागचा हलला नाही, हे मला दिसलं.

"आता?"

"आता बस," मी म्हणालो.