जिन्यावरचे तीन ठिपके

प्रमाण

एक वीत म्हणजे शंभर पावलं. पावलं मोजपट्टीची. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत आहे, पण नकाशासाठी सगळी वस्ती तिनं चालून मोजली तेव्हापासून दुसऱ्या नावानं तिला कोणी हाक मारत नाही. वय चौदा. चालताना ओठ हलतात.

खुणा

लाल ठिपका : इथे भीती वाटते.

ठिपका लावणारीनं एकटीनं भिंतीपाशी जायचं. बाकीच्यांनी खिडकीकडे तोंड करायचं. कोणी लावला, विचारायचं नाही. वर्ग सुटताना सगळे ठिपके मोठ्यानं मोजायचे, आकडा कोपऱ्यात लिहायचा, मगच नकाशा गुंडाळायचा.

हा शेवटचा नियम माझा. मागे पाण्याच्या टाकीजवळचा ठिपका कुणाच्या तरी बाहीला चिकटून घरी गेला होता. ठिपका हरवला म्हणजे दिवा हरवला, असं मी मुलींना दटावलं होतं. कारण नकाशा बघून नगरपालिका खांब उभे करणार आहे. दिव्यांच्या खात्यातल्या मॅडम आज चार वाजता येतायत. मुलींच्या आयाही.

तीन वाजून वीस मिनिटं

खोलीत मी एकटी. नकाशा भिंतीवर लावते. गेल्या शनिवारी मी मॅडमना आमंत्रण द्यायला गेले होते, मुलींनी वर्ग आपला आपण घेतला. बघू, नवीन काय आहे.

बसथांबा : सहा. शाळेमागची बोळ : नऊ. सामान देताना बोटं धरून ठेवणारा दुकानदार : पाच.

आपला जिना.

तीन.

जिना

बावीस पायऱ्या. खाली दादाचं लाँड्रीचं दुकान, वर ही खोली. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्यानं ही खोली वर्गाला फुकट दिली. किल्ली त्याच्या खिशात.

अकराव्या पायरीवर जिना वळतो. तिथे तो उभा असतो. मुली येतात तेव्हा. जातात तेव्हा. मी पाहिलंय. हातात कपड्यांचं गाठोडं असेल, वळणावर जागा कमी, असं मी स्वतःला सांगितलं.

आणि मला ते पटलंही.

तीन पस्तीस

आया हे बघतील. मग? सतरा मुली. उद्यापासून एकही येणार नाही. तिघी यंदा परीक्षेला बसणार आहेत, त्यांची पुस्तकं पुन्हा माळ्यावर. खोली जाईल ते वेगळंच.

दादाशी मी बोलेन. घरात. शांतपणे. आज नको.

नख लावते. पहिला सहज निघतो. दुसराही. तिसऱ्याबरोबर कागदाचा पापुद्रा येतो, तिथे पांढरा डाग. केराच्या टोपलीपर्यंत जाते. हात पुढे होत नाही. तिन्ही ठिपके तळहाताला चिकटवते आणि मूठ मिटते.

कोपऱ्याकडे माझं लक्षच जात नाही.

चार

"बघू तरी काय दिवे लावलेत पोरींनी!" मोजपट्टीची आई दारातूनच. आया हसतात.

"लावायचेत अजून, काकू." माझा आवाज मलाच चिरका वाटतो.

दादा वर येतो. मॅडमना खुर्ची पुसून देतो. "खोली मीच दिलीय आमच्या धाकटीला. आपलंच घर समजा." मग दाराच्या चौकटीला टेकून उभा राहतो.

मोजपट्टी नकाशापुढे. हातात लाकडी पट्टी. पट्टी बसथांब्यावरून बोळीत, बोळीतून दुकानावर. मॅडम लिहून घेतायत. मग पट्टी जिन्याकडे येते.

थांबते. पांढऱ्या डागावर.

ती माझ्याकडे बघते. मी खिडकीकडे.

"झालं का गं?" मॅडम विचारतात.

"नाही. मोजायचे राहिलेत."

"राहू दे आज," मी म्हणते. "मॅडमना उशीर होतोय."

"मोजल्याशिवाय गुंडाळायचा नाही ना, ताई?"

आणि सतरा मुली मोजायला लागतात. मीच शिकवलंय तशा, एका सुरात. बारा. तेरा. मूठ ओली झालीय. एकतीस. अडतीस. एकोणचाळीस.

चाळीस.

सूर तुटतो. कोपऱ्यात मोजपट्टीच्याच अक्षरात : ४३.

मॅडम चष्मा सारखा करतात. "आकडा चुकलेला दिसतोय."

"चुकायचाच," दादा दारातून हसतो. "पोरीच त्या."

"मी नाही चुकत."

"लोकांसमोर शोभा नको गं बाई," तिची आई पुटपुटते. "पुन्हा मोज."

ती पुन्हा मोजते. एकटी. प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवून. चाळीस. कान लाल झालेत. ती परत सुरू करते. एक. दोन. तीन. आता ती आकड्यावर नाही, स्वतःवर शंका घेतेय. मी गप्प राहिले तर ही घरी जाऊन ठरवेल की आपलंच चुकलं. जिन्याबद्दलसुद्धा.

"सात," ती म्हणते.

मी मूठ उघडते.

"तिचं बरोबर आहे. त्रेचाळीस. तीन मी काढले."

घामानं गोंद गेलाय. ठिपके चिकटत नाहीत. मोजपट्टी तिन्हींवर अंगठा दाबून धरते.

"तिथे दिवा हवाय का?" मॅडम विचारतात.

"दिवा आहे," ती म्हणते. "चांगला लख्ख आहे."

आयांची एकेक मान दाराकडे वळते.

"गाठोडं घेऊन उभा असतो मी तिथे," दादा म्हणतो. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"गाठोडं नसतं, मामा."

मुलींमधून आवाज. कुणाचा, कळायला मार्ग नाही. सगळ्या खिडकीकडे तोंड करून उभ्या आहेत.

"धाकटे," दादा दात आवळून म्हणतो, "तू घरी ये, मग बघतो. आणि खोली…"

"किल्ली ठेव तुझ्याकडेच. आत्ता फक्त पुढे उतर."

"काय?"

"आम्हाला सगळ्यांना खाली जायचंय. तू पुढे."

उतार

पुढे दादा. त्याच्यामागे मोजपट्टीची आई, मग बाकीच्या आया, मॅडम, मुली. शेवटी मी, काखेत नकाशा. मोजपट्टीचे ओठ हलतायत.

अकराव्या पायरीवर तो थांबतो. सवयीनं.

मोजपट्टीची आईही थांबते. बरोबर एक पायरी वर. पदर खोचते.

"चला," ती म्हणते. "पोरी खोळंबल्यात."

तो भिंतीला हात लावून उरलेल्या पायऱ्या उतरतो. दुकानात शिरतो आणि आतून शटर ओढून घेतो.

रस्त्यावर मॅडम माझ्याकडून नकाशा मागून घेतात, उलगडतात, जिन्याजवळ पेन्सिलीनं ‘दिवा आहे, तरी भीती’ असं लिहितात, परत देतात. आया घोळक्यानं उभ्या, हळू आवाजात बोलतायत. त्यातली एक मुलीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेते आणि निघून जाते. मुलगी मागे वळून बघत बघत तिच्यामागे.

सोळा.

"पुढच्या शनिवारी कुठे, ताई?" मोजपट्टी विचारते.

"माहीत नाही."

"वेळ तरी?"

मी तिच्या आईकडे बघते. ती बंद शटरकडे बघतेय.

"वेळ तीच ठेवा," ती म्हणते.