बोटभर जागा

पहिलं पार्सल फुटल्याचा फोन आला तेव्हा धाकटी रडली नाही. फोन ठेवून एवढंच म्हणाली, "माझ्याकडून कुणापर्यंत काही धड पोचतच नाही."

धाकटी ही ताईची भावजय. तिचं बाळ दिवस भरायच्या आत झालं आणि दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात, काचेच्या पेटीत, थोडेच दिवस जगलं. बाळ गेलं, पण दूध थांबलं नाही. अंगाला कोण सांगणार? त्याच हॉस्पिटलात मिल्क बँक होती. ज्या आयांना दूध येत नाही, त्यांच्या बाळांना तिथलं दूध मिळतं. बाकीच्या पेट्यांमधली बाळं धाकटीने रोज पाहिली होती. तिने स्वतःहून रक्त तपासून घेतलं, बँकेच्या काचेच्या बाटल्या घरी आणल्या, आणि दूध काढून, गोठवून, बसच्या पार्सलने पाठवायला लागली.

सासूबाईंना हे पटत नव्हतं. "आटू दे ना ते दूध," त्या स्वयंपाकघरात लेकीला हळूच म्हणाल्या. "नाहीतर त्यातच जीव अडकून बसेल तिचा."

"आटेलच गं आई. आटेपर्यंत तरी तिच्या मनासारखं होऊ दे."

ताई पुठ्ठ्याच्या कारखान्यात खोकी आखायची. बरण्या, दिव्यांच्या काचा, अत्तराच्या कुप्या, जे जे फुटतं त्याच्या मापाचं खोकं करायचं, हा तिचा रोजचा उद्योग. तिने सहा बाटल्यांचं खोकं आखलं. काचेला काच टेकली की फुटलीच समजा, म्हणून प्रत्येक बाटलीला वेगळा खण. तळाला आणि माथ्याला पुठ्ठ्याच्या घड्या. धक्का बसला की घडी चेपते आणि बाटली वाचते. बाटली फार घट्ट बसवली तर धक्का थेट काचेला लागतो, फार सैल ठेवली तर ती आतल्या आत नाचते. या दोन्हींच्या मधलं माप सापडायला पुष्कळ पुठ्ठा वाया जातो.

खोकं तपासायला तिने ते आपट्यांकडे दिलं. त्यांचं खरं आडनाव दुसरंच. दिवसभर खोकी उंचावरून आपटून बघायची नोकरी, म्हणून सगळा कारखाना त्यांना आपटे म्हणायचा.

"घरी बायको मला कपबशीला हात लावू देत नाही," ते खोकं उचलत म्हणाले. "आणि इथे आपटायचा पगार मिळतो! काय आहे यात? सरबत?"

"सध्या पाणी. नंतर आईचं दूध भरायचंय. माझ्या भावजयीचं."

बाळाचं आपट्यांना ठाऊक होतं. त्यांनी खोकं कोपऱ्यावर आपटलं, कडेवर आपटलं, तळावर आपटलं. प्रत्येक वेळी उघडून बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या. एकीलाही चरा नव्हता.

तरी दुसरं पार्सलही फुटलं.

ताईने फुटलेल्या बाटल्या परत मागवल्या आणि कारखान्यातच टेबलावर मांडल्या. बाहेरून मार बसतो तिथे काचेवर एक ठिपका उमटतो आणि तडे त्यातून चहूकडे पसरतात. इथे ठिपका नव्हता. एकच तडा, मानेपासून तळापर्यंत सरळ गेलेला. काच बाहेरून फुटली नव्हती, आतून फुटली होती. गोठताना दूध फुगतं, त्याला वर सरकायला बोटभर मोकळी जागा लागते. धाकटीने थेंबही बाहेर राहू नये म्हणून बाटल्या काठोकाठ भरल्या होत्या. फ्रीझरमध्येच तडा गेला असणार. बर्फ होता तोवर दिसला नाही, आणि वाटेत तो विरघळायला लागताच दूध गळलं.

"आता हे तिला कोण सांगणार?" आपट्यांनी विचारलं.

"कुणीच नाही," ताई म्हणाली.

घरी येऊन ती धाकटीला म्हणाली, "माझंच चुकलं गं. कोपरे कच्चे राहिले. आता घड्या बदलल्यात, पण झाकणाखाली बोटभर जागा सोडत जा. खोक्याच्या मापासाठी लागते."

धाकटीने मान डोलावली. त्यानंतरचं पार्सल धड पोचलं. सासूबाईंनीसुद्धा सकाळी विचारलं, "आला का गं फोन?" पण दूध कमी व्हायला लागलं होतं. आधी सहा बाटल्या भरायला जितका वेळ लागे, तेवढ्यात आता तीनही भरेनात. मग दोन.

एके दिवशी दुपारी धाकटीने एकच बाटली ओट्यावर ठेवली. तीही जेमतेम अर्धी.

"ताई, एवढंच आहे. आता येत नाही. एवढ्याशासाठी कशाला खोकं?"

"पाठवायचंच," ताई म्हणाली. "फक्त एकटी बाटली नको. हलकं खोकं लोक फेकतात आणि जड खोकं दोन्ही हातांनी खाली ठेवतात. बाकीच्या पाच पाण्याने भरू आणि गोठवू. गारवाही टिकेल."

धाकटी नळाशी उभी राहिली. बाटल्या तिने एकेक करून भरल्या आणि प्रत्येकीला झाकणाखाली बोट आडवं धरून तेवढी जागा सोडली. ताई बघत राहिली. पाण्याच्या बाटल्यांतही जागा सोडायला तिने सांगितलं नव्हतं.

"पाणी गोठलं की फुगतं ना," धाकटी पाठमोरीच म्हणाली. "शाळेत शिकवतात हे. तेव्हा कसं सुचलं नाही मला, कोण जाणे."

"अगं, तेव्हा कोपरेच..."

"असू द्या ताई. कोपरेच कच्चे होते."

तिने शेवटची बाटली पुसली, दुधाच्या बाटलीवर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि सगळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून बसस्टँडवर गेल्या. हमालाने खोकं उचललं, "अरे बापरे, दगड भरलेत का?" म्हणाला, आणि वाकून, सांभाळून बसच्या डिकीत ठेवलं.

संध्याकाळी नर्सचा फोन आला. धाकटीने स्पीकर लावला.

"बाटली पोचली हो. अगदी धड आहे. दूध तपासू, तापवून निर्जंतुक करू, मग देऊ बाळाला."

"कोणत्या बाळाला?"

"ते नाही सांगता येत. नियम आहे."

"नाव नको. मुलगा की मुलगी, एवढं तरी?"

"तेही नाही सांगत हो आम्ही. सगळ्यांचं दूध एकत्र होतं, कुणाचं कुणाला गेलं ते आम्हालाही कळत नाही. पुढचं पार्सल कधी पाठवताय?"

ताईने फोन घ्यायला हात पुढे केला. धाकटीने तो दिला नाही.

"पुढचं नाही आता," ती म्हणाली. "संपलं."

"बरं," नर्स म्हणाली. आणि मग, आवाज हळू करून, "बरं हं."

धाकटीने फोन बंद केला. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्या आत आल्या, सुनेशेजारी बसल्या आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. तेव्हा, बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच, धाकटी मोठ्याने रडली.